पलतडचे गाऱ्हाणे

आधी माफी मागतो. दिवाळी अंकात लिहिणारी माणसे शिकलेली असतात, आणि मी तर अजून शिकतोच आहे. पन्नाशी जवळ आल्यावर कॉलेजात नाव घातले, आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. वर्गातली मुले मला काका म्हणतात. पहिल्या दिवशी मी दारातून आत आलो तेव्हा एक मुलगी मला सर समजून उठून उभी राहिली, आणि आम्ही दोघेही लाजलो. आमच्या मराठीच्या मॅडमनी आपापल्या घरच्या कामाविषयी दोन पाने लिहायला सांगितली होती. माझी वाचून त्या म्हणाल्या, हे मोठे करून अंकाला द्या. मी म्हटले, मॅडम, मी खुर्च्या लावणारा माणूस. त्या म्हणाल्या, मग खुर्च्यांविषयी लिहा.

तर खुर्च्यांपासून सुरुवात करतो.

पणजीच्या एका वाद्यवृंदात मी सामानाचा माणूस आहे. वाद्यवृंद म्हणजे लग्नाला बोलावतात तो ऑर्केस्ट्रा नव्हे. हे पाश्चात्त्य संगीत. पुढे कागद ठेवून चाळीसेक माणसे एकदम वाजवतात. त्यात व्हायोलिने जास्त. आमचे वादक त्याला रबेक म्हणतात, आणि माणसाच्या उंचीचे जे मोठे असते, उभे राहून वाजवायचे, ते रबेकांव. ह्या लोकांना हाताची खुर्ची चालत नाही, कोपर आपटते. चेलो म्हणून एक वाद्य असते, त्याच्या पायाला लोखंडी टोक असते आणि ते गुळगुळीत जमिनीवर घसरते, म्हणून मी त्याच्याखाली काथ्याचे पायपुसणे घालतो. उघड्यावर कार्यक्रम असला की कागद उडतात, त्यासाठी खिशात कपडे वाळत घालायचे चिमटे ठेवतो. नगाऱ्यांची कातडी पावसाळ्यात सैल पडते आणि उन्हात ताणते, तिच्याकडे लक्ष ठेवावे लागते. हे काम प्रेक्षकाला दिसत नाही. दिसले तर समजायचे, काहीतरी चुकले.

एकदा दिसले होते. डिचोलीला कार्यक्रम होता आणि आमचा टेम्पो ऐन वेळी बंद पडला. दाजी म्हणून माझा सावंतवाडीकडचा एक मित्र खाणीवर ट्रक चालवायचा. त्याने खनिजाचा ट्रक धुऊन पुसून आणला आणि आम्ही नगारे त्यात घातले. संध्याकाळी पहिल्या ठोक्यालाच नगाऱ्यातून तांबडी धूळ उठली आणि पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांच्या पांढऱ्या शर्टांवर बसली. एक म्हातारे गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "शिगमो लवकर इलो यंदा." मी दाजीला बाहेर गाठले. तो म्हणाला, "ट्रक मी धुतलंय. रस्तो कोणी धुवचो?"

पण मॅडमना दिलेल्या दोन पानांत मी हे लिहिले नव्हते. मी लिहिले होते ते मेस्ताविषयी.

मेस्त सिप्रियान बार्देसचा. आयुष्यभर त्याने इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, शाळेत मुलांना सूर शिकवले. आमच्या वाद्यवृंदातले निम्मे लोक त्याच्या हाताखालून गेलेले, म्हणून सगळे त्याला मेस्त, म्हणजे मास्तर, म्हणायचे. साठी ओलांडलेला, अंगाने बारीक, कायम टोपी हातात. टोपी डोक्यावर घातलेली मी कधी पाहिली नाही. बायको वारली होती, मुलगी लिस्बनला. आता तोही कायमचा तिच्याकडे जाणार होता. जाण्यापूर्वी त्याने वाद्यवृंदासाठी एक रचना केली. मोठी अशी तेवढी एकच. तिचे नाव 'पलतड'. पलतड म्हणजे नदीचा पलीकडचा काठ.

हे नाव का, ते सांगायला मला आमच्या गावात यावे लागेल. आमचा वाडा पेडण्यात, पार्सेच्या बाजूला. मध्ये शापोरा नदी आणि पलीकडे बार्देस. आमचा देव मूळचा पलीकडचा. पोर्तुगीजांनी देवळे मोडायला घेतली तेव्हा आमच्या पूर्वजांनी त्याला होडीत घालून अलीकडे आणला. सगळे लोक काही आले नाहीत. जे मागे राहिले ते किरिस्तांव झाले. तेव्हापासून आमच्या देवळात दर जत्रेला गाऱ्हाणे घालतात, त्यात त्यांच्यासाठी एक ओळ असते. गाऱ्हाणे म्हणजे देवापुढे उभे राहून मोठ्याने केलेले मागणे. एकजण मागतो आणि प्रत्येक मागण्यानंतर थांबतो, तेव्हा जमलेले सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा." ते म्हटल्याशिवाय मागणे पुढे सरकत नाही. आमच्याकडे हे मागण्याचा मान आमच्या घराचा. म्हणजे माझ्या बाबांचा.

मेस्ताच्या आजीने त्याला सांगितले होते की पलीकडे एका देवळात अजून आपले नाव घेतात. एवढ्या एका गोष्टीवर त्याने ती रचना केली होती. ती आमच्या देवळापुढे वाजवायची हे त्याने आमच्या कंडक्टरला सांगितले, तेव्हा त्यांनी आधी दार लावून घेतले. कारण ते दिवस तसे होते. गोवा नुकताच राज्य झाला होता. त्याआधी भाषेवरून जे झाले ते ताजे होते. कोकणी की मराठी ह्यावरून बसगाड्या अडल्या होत्या, जन्माचे मित्र बोलेनासे झाले होते. पेडण्यात मराठीच्या पाट्या, दक्षिणेकडे सासष्टीत कोकणीच्या. आणि आमचे वादक बहुतेक सासष्टी-बार्देसचे.

"सगुण," कंडक्टर मला म्हणाले, "तुझ्या बापायक विचारून ये."

मी मेस्तालाच बरोबर घेऊन गेलो. बाबा देवळाच्या पायरीवर सुपारी कातरत बसले होते.

"खंयच्यान इलात?" बाबांनी विचारले.

"हांव पलतडचो," मेस्त म्हणाला. "आमच्या गांवचो देव तुमगेर आसा."

बाबांनी अडकित्ता खाली ठेवला. "तो तुमचोच. आमी फकत सांबाळतां."

मग दोघे बराच वेळ आपापल्या गावच्या काजूविषयी बोलले. मला घाई होती, त्यांना नव्हती. शेवटी मेस्त म्हणाला की मला गाऱ्हाणे ऐकायचे आहे. बाबांनी मान हलवली.

"असाच कसा घालू? ऐकूक म्हणान गाऱ्हाणा नसता. देवाक कारण सांगूचा लागता. तुमचा कारण काय?"

मेस्ताने टोपी ह्या हातातून त्या हातात घेतली. "म्हजें एक काम आसा," तो म्हणाला. "तें पुराय जावंक जाय."

"हां. ह्या कारण झाला."

बाबा उठले, पाय धुतले, देवापुढे उभे राहिले. आम्ही चारपाच जण मागे. "बा देवा म्हाराजा, आज ह्या तुज्या पलतडचा लेकरू तुज्या दाराक इला." लेकरू बाबांपेक्षा वयाने मोठे होते. "त्याना एक काम हातात घेतला हा, ता पुरा कर रे म्हाराजा." आम्ही म्हणालो, "व्हय म्हाराजा." मेस्ताने एकदम वळून आमच्याकडे पाहिले. मग पुन्हा मान खाली घातली. त्याची बोटे टोपीच्या काठावर ताल धरत होती.

परतताना फेरीबोटीत तो मला म्हणाला, "म्हज्या तुकड्यांत एक मनीस न्हंयचे देगेर उबो रावून तीन फावट उलो मारता. तो उलो हांव आतां बदलतां. तुज्या बापायच्या चालीर बसयतां."

"आणि जाप?" मी विचारले. जाप म्हणजे उत्तर.

"जाप ना. देवळांत जाप येता. न्हंयचेर येना. तीनय फावट उगी रावप. ओगेपण. तेंच म्हजें काम, सगुण. हेर सगळें ताच्या खातीर बरयलां. त्या वेळार मुंगूय हालूंक फावना."

एक माणूस काठावरून तीनदा हाक मारतो आणि तीनदा शांतता. ती शांतता त्याला आमच्या देवळासमोर, एकदा, ऐकायची होती. मग तो जाणार होता.

बाबांनी कार्यक्रमाला हो म्हटले, तेव्हा वाड्यावरच्या दोन तरुणांनी त्यांना वाटेत अडवले. ह्या लोकांनी आमच्या भाषेचा घास घेतला आणि आता आमच्या माटवात येऊन वाजवणार काय, असे विचारले. माटव म्हणजे देवळापुढचा मांडव. बाबा म्हणाले, "ता रबेक खंयच्या भाषेन वाजता, ता ऐकून सांगा माका. मगे आपण भांडूया." ते दोघे कार्यक्रमाला सर्वांत आधी येऊन बसले. बहुधा भाषा ओळखायला.

शिवोलीच्या फेरीवर वाद्यवृंद चढला तो दिवस मी विसरणार नाही. दाजीचा ट्रक, ह्या वेळी आतून गोणपाट लावलेला, त्यात नगारे. रबेकांवे त्यात बसेनात, म्हणून ती वादकांनी फेरीत उभी धरली. रबेकांव वाजवणारा कायतान माझ्या वयाचा, तोंडाने वात्रट. कोळणींनी टोपल्या बाजूला घेऊन त्याला जागा दिली. एकीने विचारले, "बाबा, हो पेटारो कसलो?" तो म्हणाला, "म्हजी घरकान्न. चलूंक येना तिका." घरकान्न म्हणजे बायको. पाव भाजणाऱ्या पदेराकडचे ताजे उंडे सगळ्यांनी उभ्या उभ्या खाल्ले.

माटवात सिमेंटचा रंगमंच आहे. जत्रेला त्यावर दशावतार होतो, देवांची सोंगे नाचतात, म्हणून कोणी पायात काही घालून चढत नाही. मी हे वादकांना सांगितले तेव्हा ते एकमेकांकडे बघत राहिले. मग एकेकाने बूट-मोजे काढून ओळीने ठेवले. काळे कोट, पांढरे शर्ट, आणि अनवाणी पाय. बूट काढताना कायतानच्या मोज्याला अंगठ्याशी भोक दिसले. "म्हाका सांगूंक नाका आशिल्लें काल?" तो म्हणाला.

कार्यक्रमाची रीत अशी असते, की आधी जुने, मग नवे. दोनशे वर्षांपूर्वीची एक सिंफनी आधी होती, व्हिएन्नातली. कंडक्टर म्हणायचे, जुने ऐकून कान नितळ होतात, मग नव्याला त्यात जागा होते. पण सिंफनीचे चार भाग असतात आणि भागांच्या मध्ये टाळ्या वाजवायच्या नसतात. हे सांगायचे काम माझे. मी रंगमंचावर उभा राहून सांगितले की मध्ये बोलू नका, उठू नका, टाळ्या अगदी शेवटी.

"म्हणजे मयताक बसतत तसा बसूचा?" पुढून शांताकाकीने विचारले.

"तसं नाही काकी. कीर्तनाला बसतात तसं."

"कीर्तनात मदी हसूक तरी मेळता."

पण लोक बसले. मला आजही त्यांचा अभिमान वाटतो. पहिला भाग संपला, कोणी हलले नाही. दुसरा संथ होता, त्यात एका मुलाला खोकला आला तर आईने त्याला उचलून थेट तळ्यापर्यंत नेले. पणजीत, तिकीट काढून आलेले लोकसुद्धा चुकीच्या जागी टाळ्या वाजवतात. इथे शेवटचा भाग संपल्यावरही शांतता, कारण संपले की नाही कळेना. बाबांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. मग टाळ्या.

नंतर मेस्त रंगमंचावर आला. आपली रचना तो स्वतःच चालवणार होता. मी बाजूला, नगाऱ्यांच्या मागे उभा. 'पलतड' सुरू झाली. खाली रबेकांवांचा आवाज, भरतीच्या पाण्यासारखा. त्यावर बाकीची वाद्ये हळूहळू आली. मला संगीत समजते असा माझा दावा नाही, पण नदी मला कळली. मग ओबो नावाचे एक सनईसारखे वाद्य असते, त्याने पहिली हाक मारली. आणि ती चाल थेट बाबांची होती. सुरुवात उंच, मग शब्दांची रांग, आणि शेवटी खाली उतरून थांबणे.

मेस्ताचा हात वर राहिला. सगळी वाद्ये थांबली. पहिली शांतता. वरचा पंखा तेवढा फिरत होता. मेस्ताचा चेहरा मला दिसत होता. असा चेहरा मी देवळात पाहिला आहे, आणि प्रसूतीच्या इस्पितळाबाहेर.

दुसरी हाक आली. ह्या वेळी अधिक वाद्ये, अधिक जवळून. ती खाली उतरली, थांबली. मेस्ताचा हात वर.

आणि मागच्या रांगेतून एक म्हातारा आवाज आला, "व्हय म्हाराजा."

एकट्याचाच. पण तो आला तसा सगळा माटव जागा झाला. त्यांना वाटले, आपण पहिल्या वेळी चुकलो, मागणारा थांबला आणि आपण म्हटले नाही. तिसऱ्या हाकेची वाट कोणी पाहिली नाही. बायका, पोरे, भाषा ओळखायला आलेले ते दोघे, शांताकाकी, सगळे एकदम म्हणाले, "व्हय म्हाराजा."

मेस्ताचा हात हवेतच राहिला. वादक त्याच्याकडे पाहत होते. कायतानचा गज तारेपासून वीतभर दूर थांबलेला. मला वाटले मेस्त आता हात खाली टाकणार आणि उतरून जाणार. मी लोकांकडे पाहून ओठांवर बोट ठेवले, पण मला कोण बघतो. तेवढ्यात मेस्ताचा हात हलला, आणि तिसरी हाक सुरू झाली. ती संपताच माटव पुन्हा म्हणाला, आता न चुकता, पोटातून, "व्हय म्हाराजा." तळ्यावरची कबुतरे उडाली.

रचना संपली तेव्हा टाळ्या झाल्या नाहीत. लोकांनी हात जोडले. गाऱ्हाण्यानंतर टाळ्या कोण वाजवतो?

मेस्त खाली येऊन पायरीवर बसला आणि बूट घालू लागला. त्याला नाडी बांधता येईना. मी वाकून बांधली. "मेस्त, माफ करात," मी म्हणालो. "लोकांक कळूंक ना." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. बाबा नारळ घेऊन पुढे आले. तो त्याने दोन्ही हातांनी घेतला आणि गाडीत जाऊन बसला.

चार दिवसांनी कंडक्टरनी सांगितले की मेस्ताने आपल्या रचनेचे सगळे कागद परत मागितले आहेत, प्रत्येक वादकाचे. मीच ते गोळा करून त्याच्या घरी पोचवले. तो भेटला नाही. मोलकरणीने दारात घेतले. त्यानंतर तो गेला. 'पलतड' आम्ही पुन्हा वाजवली नाही, वाजवायला कागदच नव्हते. वादक आपापसात म्हणायचे, मेस्ताने ते फाडले असणार.

हे मी बाबांना कधी सांगितले नाही. पण त्यांना काहीतरी कळले होते. मी सुट्टीवर घरी गेलो की जेवताना ते विचारत, "त्या मेस्ताची काय खबर?" मी म्हणे, बरे असतील. मग हात धुताना, माझ्याकडे न बघता, "पावण्याचा काम आमी मोडला काय रे?" मी म्हणे, नाही बाबा. त्यांचा माझ्यावर विश्वास बसत नसे. जत्रेच्या गाऱ्हाण्यात पलतडच्या लोकांची जी एक ओळ होती, तिच्यात त्यांनी त्या वर्षापासून मेस्ताचे काम घातले. "ता पुरा कर रे म्हाराजा." लोक व्हय म्हणत. कसले काम, हे नव्या पोरांना माहीतही नव्हते. बाबांचा आवाज बसला, गुडघे गेले, पण ती ओळ त्यांनी सोडली नाही. मी त्या ओळीला व्हय म्हणताना खाली बघायचो.

कायतानही पुढे पोर्तुगालचा पासपोर्ट काढून लिस्बनला गेला. तिथल्या एका वाद्यवृंदात त्याला रबेकांव वाजवायचे काम मिळाले. सुरुवातीला नाताळाला फोन करायचा, मग तेही थांबले.

ह्या पावसाळ्याच्या शेवटी मी गावी होतो. परीक्षा जवळ आली होती, मी दारातल्या सोप्यावर पुस्तक घेऊन बसलो होतो. बाबा शेजारी. दुपार झालेली. मोबाईल वाजला, लांबलचक नंबर.

"सगुण, बापूस आसा मरे?" कायतानचा आवाज. नमस्कार नाही, काही नाही.

"आहे. शेजारीच आहेत."

"देवा बरें करूं. आयक. आमी हांगा तालमीक बसल्यांव. मेस्ताचो तुकडो. 'पलतड'. तोच, पूण ताणें सगळो परत बरयला. वर्सां लागलीं ताका. आतां तीन उल्यांक तीन जापो आसात. आमी वाद्यां सकयल दवरून तोंडान म्हणपाची."

मी पुस्तक मिटले.

"काय म्हणायचं?"

"तूंच सांग काय म्हणपाचें," तो हसला. "कागदार बरयलां, पूण ह्या पोर्तुगेज पाकल्यांक म्हणूंक जमना. हांवें म्हणून दाखयलें तर मेस्त म्हणटा, ना, तशें न्हय. हांगाच आसा तो, मुखार कदेलार बसून. कान गेल्यात ताचे. रबेकां आयकूंक येनात, ओबो आयकूंक येना. जाप मात आयकूंक येता म्हणटा. मोठ्यान म्हणात म्हणटा, त्या दिसा तांणीं म्हणिल्ली तशी. बापायक दी फोन. हांव स्पीकराचेर घालतां."

मी बाबांना सगळे सांगितले. सावकाश, दोनदा. त्यांनी पुस्तक माझ्या मांडीवरून उचलून बाजूला ठेवले, जणू तेच मध्ये येत होते. मग फोन हातात घेतला आणि घसा खाकरला.

"गाऱ्हाणा घालतंय," ते म्हणाले. "पण कारण काय सांगू देवाक?"

तिकडे कायतान कोणाच्या तरी कानात मोठमोठ्याने बोलताना ऐकू आला. मग कायतान परत आला.

"मेस्त म्हणटा, सांग ताका, काम पुराय जालें."

बाबा सोप्याचा कठडा धरून उभे राहिले. गुडघ्यांनी त्रास दिला, पण बसून गाऱ्हाणे घालत नाहीत. देवळाकडे तोंड केले. "बा देवा म्हाराजा," त्यांचा बसलेला आवाज म्हणाला, "तुज्या पलतडच्या लेकराना जा काम हातात घेतल्यान, ता आज पुरा झाला रे म्हाराजा." आणि थांबले.

फोनमधून, समुद्रापलीकडून, वाकड्यातिकड्या उच्चारांत, कितीतरी माणसे एकदम म्हणाली, "व्हय म्हाराजा."

बाबांनी फोन माझ्या हातात दिला आणि खाली बसले. धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, मग अडकित्ता शोधू लागले.

"बरा म्हणतत," ते म्हणाले. "फकत सगळे एका सुरात म्हणतत. तेंका सांग, जरा विस्कटून म्हणा."